वाकळीचा चौथा कोपरा

अमरावतीच्या ज्या मुलींच्या शाळेत मी शिवण शिकवत होते, तिच्या सभागृहात रंगमंचामागच्या भिंतीला ओल आली होती. मी नोकरीला लागले त्या वर्षी ती ताटाएवढी होती. पुढे ती दर पावसाळ्यात वाढत गेली, आणि महाराष्ट्र राज्य होऊन एखादं वर्ष झालं असेल तेव्हा तिने छतापासून जमिनीपर्यंत सगळी भिंत घेतली. चुना लावला की आठ दिवस दम धरायची आणि मग चुन्यासकट बाहेर यायची.

त्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनाला कोणी मोठे पाहुणे येणार होते. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. बाई पुण्याच्या होत्या. वऱ्हाडात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, तरी इथलं माणूस तोंड उघडणार असं दिसलं की त्या आधीच जरा सावरून बसायच्या. त्या म्हणाल्या, "ती भिंत दिसता कामा नये. तुमच्या शिवणाच्या कपाटात काय असेल त्यातून काहीतरी करा."

शिवणाच्या कपाटात कातरणं होती. मी काहीही फेकत नसे. मुलींनी केलेलं पहिलं काज, उलटा बसवलेला खिसा, दोन डाव्या बाह्यांचं झबलं, गळा कापायचा राहूनच गेलेला फ्रॉक. मुली पास झाल्या, लग्नं करून गेल्या, त्यांची काजं माझ्याकडे राहिली. त्यांच्याशी माझं बरं जमायचं.

मी ठरवलं की पडदा नाही करायचा, देखावा करायचा, आणि सगळा टाकलेल्या कापडाचा. मागे गाविलगडचे निळे डोंगर, त्यांच्यापुढे दोरीवर टांगलेली डोंगरांची दुसरी रांग, तिच्यापुढे तिसरी. मधे हातभर जागा सोडायची, म्हणजे दारातून वारा आला की डोंगर हलतील. खाली कापसाची शेतं. हल्ली अशा कामाला मोठमोठी नावं आहेत आणि त्याची प्रदर्शनं भरतात, असं माझ्या कानावर येतं. तेव्हा त्याला चिंध्या म्हणत.

मी गावात मागत फिरले. जिनिंगमधून फाटकं बारदान मिळालं. एका वकिलांनी जुना काळा कोट दिला, त्याची काळी जमीन केली. बँडवाल्याने कोपरांवर फाटलेला लाल कोट दिला, त्याचा पळस झाला. बाजारातल्या शिंप्याने दोन पोती कातरणं दिली आणि विचारलं, "बाईजी, इतने में तो हाथी का कुरता बन जाएगा. किसका बना रहे हो?" मी म्हटलं, भिंतीचा. त्याने माप विचारलं. परतवाड्याच्या पुढे मी कधी गेलेले नव्हते, त्यामुळे मेळघाट अंदाजाने केला. जंगलाला हिरव्या पोलक्यांचे तुकडे कमी पडले, म्हणून सेमाडोहच्या बाजूला थोडं जंगल जांभळं आहे.

तुकडे जागच्या जागी टाचून झाले आणि काम अडलं. बारदानावर मांजरपाट, त्यावर जुनी लुगडी, त्यावर कोटाची लोकर. एवढ्या थरांतून मशीनची सुई जाईना. दोन सुया मोडल्या. हे काम हाताने धावदोरा घालून, वाकळीसारखंच करायला हवं होतं, आणि वाकळ मला येत नव्हती. मी शिवणाची परीक्षा पास झालेली बाई. वाकळ माझ्या मायला येत होती.

माय अकोल्याला राहायची. मोर्णेच्या काठी आमच्या माणसांचा भाजीचा मळा होता. मेथी, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचं आणि बाजारात नेऊन विकायचं. विकून आली की दुपारी ती लोकांच्या वाकळी शिवायची. तिला बोलावणं सोपं नव्हतं. आमच्याकडे रीत अशी की, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी आईबापाने घ्यायचं नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. अकरा वर्षांत माय माझ्या घरी दोनदा आली आणि दोन्ही वेळा तशीच उपाशी संध्याकाळच्या गाडीने परत गेली. दोन्ही वेळा मी एक भाकर जास्तीची केली होती. दोन्ही वेळा ती गाईला घातली.

मूल नाही याचं दुःख मला होतं, पण त्याची हळूहळू सवय झाली होती. डॉक्टर झाले, नवस झाले, बायकांचे टोमणे झाले. मायने माझ्या घरी घास न घेण्याची मात्र सवय होईना. बाकीच्यांनी मला बोल लावला तर मी उलट बोलत असे. माय काही बोलतच नव्हती. ती नुसती जेवत नव्हती.

मी पत्र टाकलं की देखाव्याचं काम अडलं आहे, माझी नोकरीतली अब्रू तुझ्या हातात आहे. अब्रूचं जरा वाढवून लिहिलं होतं. चौथ्या दिवशी माय बडनेऱ्याला गाडी बदलून आली. डोक्यावर ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, काखेत तवा, हातात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांची मोळी आणि पदराच्या गाठीला मीठ.

"लाकडं आहेत की घरी," मी म्हटलं.

"ते तुह्या घरचे हाय," माय म्हणाली.

तिने अंगणात तीन विटा मांडून चूल केली. विटा घरमालकाच्या होत्या, म्हणून चालल्या. पाणी नळाचं घेतलं. मी म्हटलं, माय, नळ माझ्या घरचा आहे. ती म्हणाली, "नय तुह्या घरचा असन. पानी मुन्शिपाल्टीचं हाय." शेजारच्या बोरीची बोरं आमच्या अंगणात पडायची. पहिल्या दिवशी तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. झाड तिकडचं आहे, असा निकाल देऊन दुसऱ्या दिवशी खाल्ली. आमच्या यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. ते सरकारी कचेरीत कारकून होते आणि नियमातली फट शोधण्यात वाकबगार होते. ते म्हणाले, "चहात अन्न कुठे असतं?"

"साखर असते, जवाईबुवा," माय म्हणाली. त्यांनी दोन्ही कप प्यायले.

आजूबाजूच्या बायका कुंपणापाशी येऊन बघून जायच्या. लेकीच्या अंगणात आई वेगळी चूल मांडून बसलेली; यावर कोणी काही विचारण्याची गरजच नव्हती. मी भाजी निवडत बसले की मला ती चूल दिसायची. राग यायचा. कोणाचा ते ठरवता येत नव्हतं, म्हणून मी भाजीवर काढायची.

मागचं मोठं कापड आम्ही ओसरीत पसरलं. टांगायच्या दोन रांगा माय मधल्या वेळात करणार होती. मायने आधी सगळ्या देखाव्यावरून एक चक्कर मारली.

"डोंगर असा निया असते काय?"

"दुरून तसाच दिसते."

"मंग जवय जाऊन पाहाचा होता."

पण तिचा हात बसला की बघत राहावं. कोपऱ्यापासून सुरुवात करायची, एकेक कोपरा भरत पुढच्या कोपऱ्याकडे सरकायचं, टाका तांदळाएवढा, आणि रेघ कुठेही वाकडी नाही. मी मुलींना खडूने रेघ मारून शिकवत होते. मायला अक्षर येत नव्हतं आणि खडूही लागत नव्हता. मुलींची काजं तिने एकेक करून हातात घेतली आणि कापसाच्या बोंडांच्या जागी लावली. एका फार वाईट काजाकडे बघून म्हणाली, "हे पोरगी नांदली काय?" नांदली होती. दोन मुलं होती तिला.

वाकळीचा कोपरा मिटवायच्या आधी आमच्याकडे आत भाकरीचा तुकडा ठेवतात. वाकळ उपाशी ठेवली तर पांघरणाराचंही पोट भरत नाही, असा समज. पहिला कोपरा आला तेव्हा मायने आपल्या चुलीवरच्या भाकरीचा तुकडा मोडला आणि आत सारला.

मी म्हटलं, "माय, हे वाकय माह्या घरी शिवून राहिलो आपन. भाकर माह्या घरची पाह्यजे."

"वाकय शायेची हाय."

"मंग शायेतून पीठ आनू काय?"

"आन. मी नाही कावून म्हनू?" ती म्हणाली आणि टाका घातला.

त्या दिवशी माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती फारशी चांगली नव्हती. मायचं पीठ आठ दिवसांचं होतं. देखावा आठ दिवसांत संपला असता. तो दहा दिवस चालला तर तिला माझ्या पिठाला हात लावावा लागेल, असा माझा हिशेब होता. मी देखाव्यात रेल्वे घातली. बडनेऱ्यापासून अमरावतीपर्यंत रूळ, खाली एकेक फळी. मायने फळ्या शिवल्या. मग मी परतवाड्याकडे जाणारी लाल एसटी घातली आणि तिच्या टपावर सामान घातलं. माय म्हणाली, "आता हिच्यात मानसं भर. रिकामी कावून चालवतं?" मी माणसं भरली. तेवढाच अर्धा दिवस गेला.

सहाव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की माय दोनऐवजी दीड भाकर खाते आहे. आठव्या दिवशी एक. ती पीठ पुरवत होती. माझ्या रेल्वेपायी माझी माय अर्धपोटी बसून सुई ओढत होती. मला लाज वाटली. पण मी रेल्वे उसवली नाही. एवढी दुष्ट मी आधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही, असं मला वाटतं.

तिसरा कोपरा नवव्या दिवशी सकाळी आला. मायने तुकडा आत ठेवला आणि ती चुलीतली राख काढायला गेली. मी तो तुकडा बाहेर काढला आणि माझ्या भाकरीचा आत ठेवला. तव्यावरची ताजी भाकर होती, वरून तूप. मायच्या पानात वाढायला मिळालं असतं तर जेवढं तूप वाढलं असतं तेवढं. माय आली, कोपरा चाचपला, मिटवला. मायचा तुकडा मी खाल्ला. दुपारी तिने गाठोडं उलटं करून शेवटची भाकर थापली.

चौथा कोपरा राहिला, कारण त्या दुपारी शाळेचे शिपाई देखावा न्यायलाच आले. दुसऱ्या दिवशी संमेलन होतं. मायने उरलेलं काम भिंतीवर चढवून करायचं कबूल केलं आणि सांगितलं की ते झालं की संध्याकाळच्या गाडीने जाते. मी म्हटलं, उद्या सकाळी काय खाशील? ती म्हणाली, "अकोल्याले जाऊन जेवतो." दहावा दिवस असा उजाडला. तिने नळाचं पाणी प्यायलं आणि माझ्याबरोबर शाळेत निघाली. मी डबा घेतला. दहा दिवस मी रोज दोन भाकरी जास्तीच्या करत होते आणि रोज गाईची सोय होत होती.

सभागृहाचं दार उघडलं. ओल कुठेच दिसत नव्हती. वारा आला आणि गाविलगड हलला. मी एवढं चांगलं काही आधी कधी केलेलं नव्हतं, आणि ते निम्मं माझं नव्हतं. मी मायकडे पाहिलं. माय डोंगराकडे बघत नव्हती. ती खाली उजव्या कोपऱ्याकडे बघत होती.

तिथे उंदराने हाताच्या पंजाएवढं भोक पाडलं होतं. कापसाचं शेत गेलं होतं, वकिलांच्या कोटाची जमीन गेली होती, बारदानाचे धागे लोंबत होते. मुख्याध्यापिकाबाई माझ्या मागून आल्या. त्यांनी भोक बघितलं, मग देखावा बघितला, मग भोक. "अहो, पण हा पडदा आहे की गोधडी?" त्या म्हणाल्या. "गोधडीत कोणी खाण्याचे पदार्थ घालतं का?"

"वाकय हाय, बाई," माय म्हणाली. "तुमच्या भिताडाले थंडी वाजून राहिली होती, म्हून पांघरून टाकली."

बाई सावरून बसायला गेल्या, पण तिथे खुर्ची नव्हती. "चारच्या आत नीट होईल ना?" त्यांनी विचारलं. होईल म्हटल्यावर त्या गेल्या.

माय खाली बसली. तिने पहिला कोपरा दाबून पाहिला. दुसरा पाहिला. दोन्ही शाबूत होते, आतला तुकडा कडक लागत होता. मग तिसऱ्या कोपऱ्याचं भोक तिने नाकाशी नेलं.

"याच्यात माही भाकर नवती."

तिने परत एकदा वास घेतला.

"तूप कोनं लावलं वं?"

"मीनं."

"कावून?"

"तू तं खात नाही माह्या घरी. मंग वाकयीनं तरी खावं म्हून."

हे मी वर्गात बोलते तसं सरळ बोलायचं ठरवलं होतं. मी सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो बराच वेळ जाईना.

मायने माझ्या हातातून सुई घेतली, दोरा ओवला आणि भोकावर लावायला तुकडा मागितला. बँडवाल्याच्या कोटाचा एकच तुकडा उरला होता. तो तिने लावला, त्यामुळे त्या देखाव्यात कापसाच्या ऐन मधे एक पळस आहे. पुढे बघणाऱ्यांनी त्याचे बरेच अर्थ लावले. शिवताना मायचा हात अधूनमधून थांबायचा, आणि तो उपाशीपणाने थांबतो आहे हे मला कळत होतं. मला तेव्हा देखावा नको होता, शाळा नको होती. आपण हिला दोन दिवस आधी जाऊ द्यायला हवं होतं, एवढंच मनात येत होतं.

तिसरा कोपरा झाला. माय सरकत चौथ्याकडे गेली. तो डावीकडे खाली, रेल्वेच्या शेवटच्या फळीपाशी होता. तिथवर शिवत आणून ती थांबली.

"भाकर दे," ती म्हणाली.

"कोनाची?"

"कोनाची म्हंजे? माहं पीठ सरलं. वाकयीले उपाशी ठेवू काय?"

मी डबा उघडला. तिने वरची भाकर घेतली. तिचा एक तुकडा मोडला, आत सारला, टाके घालून कोपरा मिटवला आणि दोरा दाताने तोडला. उरलेली भाकर तिच्या डाव्या हातात राहिली. तिने ती परत डब्यात ठेवली नाही. अंगणातल्या बोरांकडे पहिल्या दिवशी बघत होती तशी ती तिच्याकडे बघत बसली. बाहेर मुली स्वागतगीताची तालीम करत होत्या आणि दर वेळी एकाच ओळीवर चुकत होत्या.

"वाकयीनं तोंड लावलं हिले," माय शेवटी म्हणाली. "आता हे वाकयीची उष्टी झाली. तुही नाही राहिली."

मी मान हलवली. या निकालात कुठे फट आहे का, हे बघायची माझी इच्छा नव्हती.

मायने एक घास मोडून तोंडात टाकला. भाजी मागितली नाही. दुसरा घास पहिल्याहून मोठा होता, तिसरा त्याहून मोठा. ती भुकेल्या बाईसारखी खात होती, खाली बघून, भराभर, मधे पाणीही न घेता. पदरावर पडलेला चुरा तिने बोटाने टिपून खाल्ला. मी उघडा डबा मांडीवर घेऊन समोर बसले होते.

भाकर संपली. मायने हात झटकले.

"दुसरी हाय काय?" तिने विचारलं.

दुसरी होती. अकरा वर्षांपासून होती.